आणलेली खुर्ची

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक चाकांची खुर्ची आहे. आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या बैठकीवर आजवर काय काय सांडले आहे, ते सांगितले तर तुम्हाला जेवण जाणार नाही. रक्त सांडले, पू सांडला, लोकांनी माझ्यावर ओकाऱ्या केल्या. पण त्या वर्षांत मला कधी शिसारी आली नाही. आजारी माणसाच्या अंगातून जे येते, ते ओल्या फडक्याने पुसले की जाते. शिसारी म्हणजे काय, ते मला एका स्वच्छ, नीटनेटक्या घरात कळले. तिथली फरशी रोज दोनदा पुसली जायची.

पण सुरुवातीपासून सांगते.

एका छोट्या कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला. त्यावर चकचकीत मुलामा चढवला आणि काळ्या रेक्झिनची बैठक ताणून बसवली. मी आणि माझ्या बहिणी टेम्पोतून एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आलो. तिथल्या भांडारपालाने आमच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिले : ‘सरकारी दवाखाना. बाहेर नेऊ नये.’ अक्षरे वाकडी होती, पण मला ती दागिन्यासारखी वाटायची.

माझा सगळा कारभार मामांकडे असे. मामा म्हणजे तिथले वॉर्डबॉय. केस पांढरे झाले तरी त्यांना सगळे वॉर्डबॉयच म्हणत. ते माझ्या चाकांना शिवणयंत्राचे तेल घालत. कुणी म्हातारी घाबरत घाबरत बसली की म्हणत, “बसा आजी, गाडी सुटलीच.” फाटकापासून एक्स-रेपर्यंत, तिथून लांबलचक चढण चढून वरच्या ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत, दिवसभर आमच्या फेऱ्या चालत. एकदा एका बाळंतिणीने पोराला छातीशी धरून माझ्या हातावर थाप मारली आणि म्हणाली, “बरी आहे गं ही, हिसके देत नाही.” आमच्या जातीला यापेक्षा मोठे कौतुक नसते.

हळूहळू आमची संख्या घटू लागली. एकीचे चाक मोडले आणि ती दुरुस्तीच्या नावाखाली कोठीत जाऊन पडली. एक अशीच एका सकाळी दिसेनाशी झाली. मामांनी विचारले, “कुठं गेली?” भांडारपाल म्हणाला, “नेली असेल कुणीतरी.” पुढे आणखी एक गेली. तेव्हाही ‘कुणीतरी’च होते. हा ‘कुणीतरी’ कसा दिसतो, याचे मला फार कुतूहल होते.

तो अगदी सभ्य दिसतो, मित्रांनो.

तो एका कचेरीतला मोठा अधिकारी होता. सगळे त्याला साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणते. साहेबांचे वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले होते आणि खुब्याचे हाड मोडले होते. घरी सोडले त्या दिवशी मामांनी आजोबांना माझ्यावर बसवून मोटारीपर्यंत आणले. आजोबा आत बसले. साहेबांनी मोटारीच्या मागचे झाकण उघडले.

“मामा, ही दोन दिवस नेतो. घरी दुसरी मागवलीय, ती आली की लगेच आणून देतो.”

“साहेब, बाहेर न्यायला परवानगी नाही,” मामा म्हणाले.

“अहो, मी काय पळून चाललोय का? माझ्यावर विश्वास नाही?”

अशा माणसाला ‘नाही’ म्हणायची मामांना सवय नव्हती. “तसं नाही साहेब. पण परवा नक्की आणा. मोजक्याच उरल्यात.”

“शब्द देतो तुम्हाला,” साहेब म्हणाले. मला दुमडून त्यांनी आत ढकलले आणि झाकण आपटले.

घरी गेल्यावर वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, माझी पाठ पाहिली. त्याच दिवशी फुलाफुलांच्या कापडाची एक खोळ शिवून त्यांनी ती माझ्या पाठीवर चढवली. “येणारा-जाणारा वाचतो, बरं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, “बसायलाही काहीतरी मऊ घाल. टोचतं.” परत कधी द्यायची, हे कुणीच विचारले नाही.

त्या घरात मी एकटीच पाहुणी नव्हते. न्हाणीघरात एका हॉटेलचा टॉवेल होता. टेबलावर कचेरीतली कात्री आणि कचेरीचेच टाचणयंत्र होते. स्वयंपाकघरात कुठल्याशा उपाहारगृहाचे चमचे होते. कपाटात सरकारी विश्रामगृहाची जाडजूड चादर होती, कोपऱ्यावर निळा शिक्का असलेली. या सगळ्या वस्तू त्या घरात ‘आणलेल्या’ होत्या. ‘चोरी’ हा शब्द तिथे फक्त सकाळी वर्तमानपत्र वाचताना ऐकू यायचा. “काय दिवस आलेत, सगळीकडे चोऱ्याच चोऱ्या,” साहेब म्हणत आणि चहात बिस्कीट बुडवत.

काही महिन्यांनी आजोबा काठी टेकत चालू लागले. मला वाटले, आता तरी सुटका होईल. पण माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्या मांडीवर कांद्यांचे पोते बसले. हातांवर ओली पायपुसणी वाळू लागली. बैठकीच्या फोमात झुरळांनी बिऱ्हाड थाटले. रात्री त्यांचे पाय माझ्या आत वळवळत. तरी त्यांचा मला इतका राग येत नसे, कारण खुर्ची कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हते.

खरी मळमळ निराळ्याच गोष्टीने व्हायची. इमारतीत कुणाचा पाय मुरगळला की साहेब स्वतः सांगत, “आमच्याकडे खुर्ची आहे, खुशाल न्या. वस्तू चार लोकांच्या उपयोगी पडावी.” लोक मला नेत, पुसून परत आणून देत आणि साहेबांचे गुण गात. “देवमाणूस आहे,” एक शेजारीण म्हणाली. लोकांनी दोन दिवसांच्या बोलीवर नेलेली मी दोन दिवसांत परत येत होते, आणि तीही दोन दिवसांच्याच बोलीवर नेऊन मला परत न देणाऱ्या माणसाच्या घरी.

साहेबांची मुलगी कायदा शिकत होती. साहेब तिला कौतुकाने ‘वकीलसाहेब’ म्हणत. गॅलरीत शांतता असे, म्हणून ती कांद्याचे पोते खाली ठेवून माझ्यावरच अभ्यासाला बसायची. पायाच्या अंगठ्याने मला पुढेमागे हलवत ती मोठ्याने पाठ करायची. त्या वर्षी तिला मालमत्तेचे गुन्हे होते. चोरी, अपहार, विश्वासघात, फसवणूक, घरफोडी. एकाला दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखायचे, त्याची उदाहरणे असत. “क ने ख ची अंगठी ख ला न विचारता उचलली. क ने कोणता गुन्हा केला?” बिचारा क त्या पुस्तकात सतत काहीतरी उचलत असे. ती त्याला अचूक पकडायची. आपण कशावर बसून हे सोडवतो आहोत, ते तिच्या ध्यानात येत नव्हते. ठाऊक नव्हते असे नाही. घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होते. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे न बघण्याची त्या घराला उत्तम सवय होती.

त्या घरी धुण्याभांड्याला एक बाई येत. मुलगी त्यांना मावशी म्हणे. मावशींचा नवरा रंगारी होता. एका इमारतीला रंग देताना तो परांचीवरून खाली पडला आणि पाय मोडला. मावशींनी आठवडाभर दांडी मारली, मग पुन्हा येऊ लागल्या. तोंडाने काही बोलत नसत, पण भांडी पूर्वीपेक्षा जोरात घासत.

एके दिवशी वहिनी विश्रामगृहाची ती चादर झटकून बघू लागल्या. आदल्याच दिवशी त्यांनी ती कपाटातून काढून, घडी करून माझ्या बैठकीवर ठेवली होती. आता तिला साबणाचा वास येत होता, मधोमध औषधाचा पिवळट डाग होता आणि एक कोपरा फाटला होता. फाटताना निळा शिक्काही फाटला होता. एका बाजूला ‘विश्राम’ राहिले होते आणि दुसऱ्या बाजूला ‘गृह’.

“ही चादर कुणी वापरली?” वहिनींनी विचारले.

मावशी हात पुसत गॅलरीत आल्या. “मी नेली होती वहिनी, काल. धुऊन आणलीय. सांगायचं राहिलं.”

आवाज ऐकून साहेब आले. त्यांच्यामागून काठी टेकत आजोबा आले. मुलगी माझ्यावरच बसली होती.

“न विचारता नेलीस?” साहेबांनी विचारले.

“यांचं ड्रेसिंग होतं दवाखान्यात. वरच्या खोलीत. मागच्या खेपेला घरच्या चादरीतून नेलं तर ती विरली. ही जाड होती, म्हणून घेतली. तुम्ही झोपला होता दादा.”

“चादरीतून कशाला न्यायचं माणसाला? दवाखान्यात खुर्च्या नसतात का?”

“नाही ना. एकच उरलीय, तिच्यापुढं ही रांग. म्हणाले, थांबायचं तर थांबा, नाहीतर उचलून न्या. मी आणि दिरानं चादरीची झोळी केली. चढणीवर अर्ध्यात गाठ निसटली. हे घसरत खाली गेले. प्लास्टर फुटलं. आता परत आपरेशन करायचं म्हणतात.”

मावशी हे सगळे एका सुरात सांगत होत्या, भाजी काय आणली ते सांगावे तसे.

मित्रांनो, मी तिथेच होते, सगळ्यांच्या हाताच्या अंतरावर. मला वाटले, आता कुणाची तरी नजर माझ्याकडे वळेल. वहिनी चादरीच्या फाटक्या कोपऱ्याकडे बघत होत्या. आजोबा काठीच्या टोकाकडे बघत होते. साहेबांनी मुलीकडे पाहिले.

“बोला वकीलसाहेब. तुमचा कायदा काय म्हणतो? दुसऱ्याची वस्तू न विचारता नेली. ही चोरी आहे की नाही?”

मुलगी गडबडली. मग परीक्षेत बोलावे तसे बोलू लागली. “दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू... संमतीशिवाय हलवली तर... हो. म्हणजे चादर मुळात आपली नसली तरी चालतं. मालकी बघत नाहीत, ताबा बघतात. ताबा आपला होता.”

‘मुळात आपली नसली तरी’ ऐकून वहिनींचा चेहरा पडला. साहेबांनी मात्र तेवढे ऐकलेच नाही. “झालं तर मग. ही चोरी. मी चौकीत जात नाही, हा माझा चांगुलपणा समज. उद्यापासून येऊ नकोस.”

मावशींनी मुलीकडे पाहिले. मुलगी पुस्तकात बघत होती. “बरं,” मावशी म्हणाल्या आणि पायात चपला घालून निघून गेल्या. मोरीत भांडी अर्धी घासलेली राहिली.

गॅलरीत फोन नीट लागतो, म्हणून साहेब तिथेच उभे राहून बोलले. मावशी त्याच इमारतीत आणखी काही घरी काम करत. त्या प्रत्येक घरी त्यांनी फोन केला. “सावध करावं म्हटलं. हात चलाख आहे बाईचा.” बोलताना त्यांचा एक हात माझ्या पाठीवर होता. त्या हाताचा घाम खोळीतून माझ्या अक्षरांपर्यंत झिरपला. त्या क्षणी मला तोंड असते, तर मी तिथेच ओकले असते.

पुढे काही दिवसांनी मुलगी कॉलेजातून आली आणि सरळ गॅलरीत येऊन बसली. हातात चाचणीचा तपासलेला पेपर होता. चोरीची व्याख्या तिने घडाघडा लिहिली होती, आणि समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : ‘हेतू?’

मग पुस्तक उघडून तिने चोरीचे कलम पुन्हा वाचले, या वेळी हळू. लबाडीचा हेतू नसेल, तर चोरी नाही. पाठ करताना ती हाच शब्द रोज म्हणत होती, पण त्या दिवशी गॅलरीत तोच विसरली होती. मग तिने पान उलटले. विश्वासघात. विश्वासाने सोपवलेली वस्तू लबाडीने स्वतःच्या वापरासाठी ठेवून घेणे. तिचा अंगठा थांबला. मी हलायची थांबले.

ती उठली, माझ्या पाठीवरची खोळ ओढून काढली आणि मला ढकलत बैठकीच्या खोलीत घेऊन गेली. साहेब वर्तमानपत्र वाचत होते.

“बाबा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. मावशींच्या मनात लबाडी नव्हती. त्यांनी धुऊन परत आणली. ती चोरी नव्हती.”

“बरं मग? आता काय माफी मागू त्या बाईची?”

“आणि ही?” तिने माझ्यावर हात ठेवला.

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केले. “म्हणजे? बापाला चोर म्हणतेस? मी विचारून आणलीय ही. त्या वॉर्डबॉयला विचार. शब्द देऊन आणलीय.”

“म्हणून तर चोरी बसत नाही, बाबा. विचारून आणली, म्हणून विश्वासघात बसतो. आमच्या पुस्तकात त्याला शिक्षा जास्त आहे.”

मग आजोबा म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं, परत देऊन टाका.” म्हातारा धडधडीत खोटे बोलत होता. तेव्हा तो फक्त ‘टोचतं’ म्हणाला होता.

साहेब चिडले नाहीत. ते विचारात पडले, आणि त्यांच्या विचारांचीच मला जास्त भीती वाटायची. “ठीक आहे,” शेवटी ते म्हणाले. “देऊन टाकू. पण रीतसर देऊ.”

रीतसर म्हणजे काय, ते मला लवकरच कळले. एक माणूस आला आणि त्याने माझ्या पाठीवर निळा रंग फासला. ‘सरकारी दवाखाना’ गेले, ‘बाहेर नेऊ नये’ही गेले. रंग वाळल्यावर त्यावर सोनेरी अक्षरांत साहेबांचे नाव आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ असे आले. झुरळे मात्र आत तशीच होती. त्यांच्यासह मला दवाखान्यात नेण्यात आले.

छोटासा समारंभ झाला. माझ्या हातांना फीत बांधली होती. मोठे डॉक्टर होते, इमारतीतले शेजारी होते आणि तो भांडारपालही होता. त्याने मला ओळखले, हे मला त्याच्या हसण्यावरून समजले. कागदोपत्री मला त्याने केव्हाच मोडीत काढले होते. आता मी फुकटात नवी होऊन आले होते. साहेबांचा आणि त्याचा, दोघांचा हिशेब जुळला होता. मामा मागे भिंतीशी उभे होते. त्यांनीही मला ओळखले होते. ते हसत नव्हते.

साहेब समाजाच्या ऋणाबद्दल बोलले. मग मोठे डॉक्टर म्हणाले, “मुलीनंही दोन शब्द बोलावेत.”

मुलगी पुढे आली. “ही खुर्ची भेट नाहीये. ही याच दवाखान्याची आहे. बाबांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेली आणि दीड वर्ष ठेवली. ती इथं नव्हती, म्हणून एक माणूस चादरीतून पडला.”

मग साहेब हसून म्हणाले, “वकील होणार ना, उलटतपासणीची सुरुवात घरापासून.” लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मुलगी तिथेच उभी राहिली. शेजारीण तिच्या गालाला हात लावून म्हणाली, “किती छान बोललीस गं.” मग बिस्किटांच्या बशा फिरल्या.

दवाखान्यात असताना लोकांचे नासके पाय मी हौसेने वाहिले आहेत. पण त्या टाळ्या मला अजून आठवल्या तरी अंगावर काटा येतो. खोटे बोलून खरे लपवतात, हे मी पाहिले होते. खऱ्याला टाळ्या वाजवूनही गाडता येते, हे तिथे पाहिले.

सगळे गेल्यावर मामा आले. त्यांनी फीत सोडली, बैठक उचकटली, झुरळे झाडली, औषध मारले आणि चाकांना तेल घातले. “चल,” एवढेच म्हणाले. त्याच दुपारी आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

मग एके दिवशी माझ्यावर रंगारी बसला. दुसऱ्यांदा आपरेशन झालेला पाय पुढे ताठ. मागून मावशी ढकलत होत्या. चढणीच्या तोंडाशी ती मुलगी उभी होती. ड्रेसिंगचा वार कुठला, ते मामांना विचारून आली असावी.

“मावशी, मी चुकीचं सांगितलं होतं. ती चोरी नव्हती.”

“मला ठाऊक होतं ताई. मला विचारलं असतंत, तर मीच सांगितलं असतं.”

“मी इमारतीत सगळ्यांच्या घरी जाऊन आले. जे झालं ते सांगितलं. दोघींनी तुम्हाला परत बोलावलंय.” ती थांबली. “आईपण म्हणते, या.”

मावशींनी पदराने कपाळ पुसले. “त्या दोघींकडे जाईन. पोट आहे. पण तुमच्याकडे नको. तुमच्या घरात काही दिसेनासं झालं की तुम्ही माझ्याकडं बघणार. आणि काही नवं दिसलं की मी तुमच्याकडं बघणार. असं रोज एकमेकांकडं बघत भांडी घासता येत नाहीत.”

चढण उभी होती आणि मावशींना दम लागत होता. मुलीने माझी एक मूठ धरली. मावशींनी ती सोडवली नाही, पण तिच्याकडे पाहिलेही नाही. दोघींनी मिळून मला वर नेले. रंगारी मध्येच म्हणाला, “पाठीमागं नाव लिहिणाऱ्यानं रंग वाईट मारलाय. खालचं अंगच घासलेलं नाही. उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही हा.”

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. एकदा घरात चक्कर मारा. वाचनालयाचे पुस्तक, शाळेचा चेंडू, शेजाऱ्यांची शिडी, कुठल्या तरी दवाखान्याची कुबडी, असे काही ना काही सापडेलच. ते ‘आणलेले’ आहे, ‘राहून गेले’ आहे, ‘पडून आहे’ असे म्हणू नका. त्याला काय म्हणतात, ते तुम्हालाही ठाऊक असते. आणि ते परत नेऊन द्या. फीत नको, भाषण नको, पाठीवर तुमचे नाव नको. मागच्या दाराशी गुपचूप ठेवलेत तरी चालेल. मात्र आज ठेवा. चढणीच्या पायथ्याशी कुणीतरी थांबलेले असते.